हात धुतला तरी न जाणारा रंग

पेण म्हटले की गणपती आठवतो आणि रोहा म्हटले की धाटावची औद्योगिक वसाहत. पनवेलहून निघालेली गाडी पेण, नागोठणे करत रोह्याला पोहोचते आणि तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. रायगड जिल्ह्याच्या या छोट्याशा पट्ट्याच्या एका टोकाला रंग वापरणारे गाव आहे आणि दुसऱ्या टोकाला रंग तयार करणारे. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा आसपासच्या गावांत वर्षभर मूर्ती घडतात आणि रंगतात. रोह्यात रंगद्रव्यांचे मोठे कारखाने आहेत. त्यामुळे रंगाचे रसायनशास्त्र हा इथे पुस्तकातला धडा राहत नाही. तो हातावर, कपड्यांवर, नदीच्या पाण्यात आणि कधी कधी ताटातल्या भाजीवरही येतो.

या रसायनशास्त्रातले एक घराणे विशेष ओळख करून घेण्याजोगे आहे. त्याचे नाव ‘ट्रायअरिलमिथेन’. नाव अवघड असले तरी त्यातले रंग आपल्या रोजच्या पाहण्यातले आहेत. सरकारी कचेरीतल्या शिक्क्याची जांभळी शाई, बाळाच्या तोंडात लावायचे जांभळे औषध, क्षयरोगाच्या थुंकी तपासणीतला लालबुंद रंग, रंगपंचमीला लागून चार दिवस न जाणारा हिरवा, आणि बेकायदा असूनही भेंडी-वाटाण्यावर चढवला जाणारा हिरवा रंग, ही सगळी एकाच कुळातली भावंडे. यातल्या बहुतेकांचा गुण एकच आहे: ते चिकटतात. त्यांचा उपयोग या चिकटण्यात आहे आणि धोकाही त्यातच आहे.

एक कार्बन, तीन कड्या

या रंगांच्या रेणूची रचना पंख्यासारखी असते. मधोमध कार्बनचा एक अणू आणि त्याला तीन बाजूंनी जोडलेल्या बेंझीनच्या तीन कड्या. या तीन पात्यांच्या टोकांना नायट्रोजनचे गट बसवले की रेणू रंगीत होतो. दोन पात्यांवर असे गट असले की मिळतो मोरपंखी छटेचा ‘मॅलेकाइट ग्रीन’. तिन्ही पात्यांवर असले की गडद जांभळा ‘क्रिस्टल व्हायोलेट’. नायट्रोजनचे गट अगदी साधे असतील तर ‘फुक्सिन’, म्हणजे साडीच्या दुकानात ज्याला आपण राणी रंग म्हणतो त्याच्या जवळची छटा.

एका पात्याच्या टोकावरचा बदल रंग कसा पालटतो, हे प्रयोगशाळेत सहज दाखवता येते. क्रिस्टल व्हायोलेटच्या द्रावणात तीव्र आम्ल घालत गेले की जांभळा रंग आधी हिरवा आणि नंतर पिवळा होतो. आम्लामुळे एका पात्यावरचा नायट्रोजन अडकून पडतो, उरलेल्या दोन पात्यांचा रेणू मॅलेकाइट ग्रीनसारखा वागू लागतो, म्हणून हिरवा दिसतो. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लारीने गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलिन हेही याच घराण्यातले. लाच घेताना पकडण्यासाठी देशात अनेक ठिकाणी नोटांना जी पूड लावतात, ती हीच. संशयिताची बोटे सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते.

या रेणूंना रंगहीन रूपही घेता येते. कार्बन पेपर न घालता खालच्या पानावर प्रत उमटणारे बिलबुक त्याच तत्त्वावर चालते. वरच्या कागदाच्या पाठीला क्रिस्टल व्हायोलेटच्या रंगहीन रूपाचे अतिसूक्ष्म थेंब लावलेले असतात. पेनाच्या दाबाने ते फुटतात, खालच्या कागदावरच्या आम्लधर्मी मातीच्या लेपाशी भेट होते आणि निळे अक्षर उमटते. हे रंगहीन रूप पुढे मासळीच्या संदर्भात पुन्हा भेटेल, तेव्हा मात्र ते इतके निरुपद्रवी नसेल.

आता चिकटण्याचे कारण. मॅलेकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट, फुक्सिन या रेणूंवर धन विद्युतभार असतो. लोकर, रेशीम, कागद, आपली त्वचा, जिवाणूंचे कवच, पेशीतला डीएनए, अगदी शाडूच्या मातीचे कणसुद्धा, या सगळ्यांवर कमी-अधिक ऋण भार असतो. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात आणि रंग जागेवर बसतो. म्हणूनच या रंगाची चिमूटभर पूड बादलीभर पाणी गडद करते आणि हाताला लागलेला डाग साबणाने जात नाही. वरची त्वचा झडून जाईल तेव्हाच तो जातो. उन्हापुढे मात्र या रंगांचे काही चालत नाही, ते लवकर विटतात. त्यामुळे कापडापेक्षा कागद आणि शाई यांत त्यांचा मुक्काम जास्त पडला.

फ्रँकफर्टहून रोह्यापर्यंत

या घराण्याची सुरुवात एका अशुद्ध रसायनातून झाली. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये लंडनमध्ये डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला होता. त्यानंतर युरोपभर ॲनिलिनवर प्रयोगांची झुंबड उडाली. फ्रान्समधल्या लिऑन इथे फ्रान्स्वा व्हेर्गँ याने ते कथिलाच्या क्षाराबरोबर तापवले आणि १८५९ मध्ये झगझगीत गुलाबी-लाल रंग बाजारात आला. त्याला ‘फुक्सिन’ म्हणू लागले. त्याच वर्षी इटलीत मॅजेंटा या गावी लढाई झाली होती, तिच्यावरून ‘मॅजेंटा’ हे दुसरे नाव रूढ झाले.

गंमत अशी की शुद्ध ॲनिलिनमधून हा रंग तयारच होत नाही. त्या काळच्या ॲनिलिनमध्ये टोल्युइडिनची भेसळ असे आणि रेणूच्या मधोमध बसणारा तो एक कार्बन या भेसळीतून येत असे. ऑगस्ट हॉफमनने हे ओळखले. रेणूची नेमकी रचना एमिल आणि ओटो फिशर या चुलतभावांनी १८७८ मध्ये उलगडली. त्याच्या आदल्या वर्षी ओटो फिशरने मॅलेकाइट ग्रीन तयार केला होता. मॅलेकाइट हे तांब्याचे हिरवे खनिज. रंगात मात्र तांबे अजिबात नसते, साम्य केवळ छटेचे.

फ्रँकफर्टजवळ हेक्स्ट या गावी १८६३ मध्ये एक छोटा कारखाना सुरू झाला, तोही फुक्सिन बनवण्यासाठी. पुढे तीच ‘हेक्स्ट’ ही जगातली बलाढ्य रसायन आणि औषध कंपनी झाली. तिचा विशेष रसायनांचा व्यवसाय १९९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘क्लॅरियंट’कडे गेला. क्लॅरियंटचा रंगद्रव्यांचा कारखाना रोह्यात होता. तो रंगद्रव्य व्यवसाय नंतर जर्मनीच्या ‘होयबाख’कडे आणि २०२५ मध्ये ‘सुदर्शन केमिकल’कडे आला. सुदर्शन ही पुण्याची कंपनी, आणि तिचाही मोठा कारखाना रोह्यातच. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी फुक्सिनच्या एका भट्टीपासून निघालेला धागा असा कुंडलिकेच्या काठी येऊन पोहोचला.

जंतू दिसू लागले

कापड रंगवणाऱ्यांच्या या शोधाचा सर्वांत मोठा लाभ डॉक्टरांना झाला. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू जवळजवळ पारदर्शक दिसतात. त्यांना रंग चिकटवला तरच ते उठून दिसतात. डेन्मार्कचे हान्स ख्रिश्चन ग्राम १८८४ मध्ये बर्लिनमध्ये न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसांचे नमुने तपासत होते. त्यांनी आधी जांभळा जेन्शन व्हायोलेट लावला, मग आयोडीन, आणि शेवटी अल्कोहोलने धुतले. काही जिवाणूंनी जांभळा रंग धरून ठेवला, काहींनी सोडून दिला. जाड कवचाचे ते ‘ग्राम पॉझिटिव्ह’, पातळ कवच आणि बाहेरून चरबीचे आवरण असलेले ते ‘ग्राम निगेटिव्ह’. दुसऱ्या गटाला मागाहून गुलाबी रंग देतात. आज तालुक्याच्या गावातल्या साध्या प्रयोगशाळेतही ही तपासणी काही मिनिटांत होते आणि कोणत्या गटातले प्रतिजैविक द्यावे, याचा पहिला अंदाज डॉक्टरांना तिच्यावरून येतो.

क्षयरोगाचा जंतू आणखी हट्टी. त्याच्या अंगावर मेणासारखे आवरण असते, त्यामुळे साधा रंग त्याच्यात शिरत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर वर्षभरात फ्रान्झ झील आणि फ्रीड्रिख नील्सन यांनी फुक्सिन आणि कार्बोलिक आम्ल यांचे मिश्रण वापरण्याची रीत बसवली. काचपट्टीवर हा लाल रंग टाकून खालून उष्णता देतात, मग आम्लाने धुतात. बाकी सगळे रंग सोडते, क्षयाचा जंतू सोडत नाही. मागाहून निळा रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. आपल्याकडे थुंकी तपासणी या नावाने घराघरांत माहीत झालेली तपासणी ती हीच. कुष्ठरोगाचे जंतूही याच पद्धतीने दिसतात. आता प्रकाशमान रंगाचे सूक्ष्मदर्शक आणि जंतूचे जनुक शोधणारी यंत्रे आली आहेत, तरी शंभर वर्षांहून अधिक काळ गरीब देशांतले क्षयाचे निदान राणी रंगाच्या या बाटलीवर चालले.

क्षयाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा तर अंड्यापासून केलेले हिरवट माध्यम लागते. त्यातला हिरवेपणा मॅलेकाइट ग्रीनचा. तो बाकीच्या जंतूंना दाबून ठेवतो आणि संथ वाढणाऱ्या क्षयाच्या जंतूला वाव देतो. पिण्याच्या पाण्यात मैलापाण्याचे जंतू आहेत का, हे तपासण्याच्या एका प्रमाणित माध्यमात ‘ब्रिलियंट ग्रीन’ हा त्याचा भाऊबंद असतो. म्हणजे पाण्याची शुद्धता तपासायलाही हाच रंग, आणि पाण्यात मोकळा सुटला तर ते बिघडवणाराही हाच.

तोंडातले जांभळे औषध

रंग जंतूला चिकटतो एवढेच नाही, तो त्याला मारतोही. जेन्शन व्हायोलेट वाढ थांबवतो, हे १९१२ मध्ये अमेरिकेचे जॉन चर्चमन यांनी दाखवले. प्रतिजैविके येण्याआधीच्या काळात भाजलेल्या जखमा, नायटे, तोंडातली बुरशी यांवर जांभळे औषध हा मोठा आधार होता. पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना दवाखान्यातला तो कापसाचा बोळा आणि जांभळे झालेले ओठ आठवत असतील.

हे औषध अजून हद्दपार झालेले नाही. बालआरोग्याच्या शासकीय मार्गदर्शनात बाळाच्या तोंडातल्या छाल्यांसाठी ०.२५ टक्के आणि त्वचेवरच्या पुवाळलेल्या फोडांसाठी ०.५ टक्के तीव्रतेचे जेन्शन व्हायोलेट सांगितले जाते. ते स्वस्त आहे, बुरशीवर चालते आणि त्याला फ्रीज लागत नाही. पण गेल्या काही वर्षांत त्याच्याकडे सावधपणे पाहिले जात आहे. उंदरांना ते दीर्घकाळ मोठ्या मात्रेत खाऊ घातल्यावर कर्करोगाच्या गाठी आढळल्या. कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये नागरिकांना अशी उत्पादने टाळण्याचा इशारा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २ब गटात ठेवले आहे.

याचा अर्थ लहानपणी चार दिवस जांभळे औषध लावलेल्या माणसाने घाबरावे असा नाही. प्रयोगातली मात्रा आणि कालावधी फार मोठे होते. अर्थ इतकाच की हे औषध डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने सांगितलेल्या तीव्रतेचे आणि सांगितले तितकेच दिवस लावावे. दुकानातून मिळालेली तीव्र द्रावणाची बाटली अंदाजाने पातळ करून बाळाच्या तोंडात लावणे धोक्याचे. तीव्र द्रावणाने तोंडातल्या नाजूक त्वचेला भाजल्यासारखे व्रण पडतात.

भेंडीवरचा हिरवा, तळ्यातला हिरवा

औषधाच्या बाबतीत मात्रेवर चर्चा होऊ शकते, अन्नाच्या बाबतीत होत नाही. भारतात खाद्यपदार्थांत वापरायला आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि मॅलेकाइट ग्रीन त्यांत नाही. तरीही शिळी भेंडी, हिरवी मिरची, परवल ताजी दिसावी आणि भिजवलेला सुका वाटाणा हिरवागार दिसावा म्हणून तो वापरल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस येतात. कारण साधे आहे. कापड-कागदासाठीचा हा रंग स्वस्त मिळतो, चिमूटभर पुरतो आणि भाजीच्या सालीला घट्ट चिकटतो.

त्या आठ परवानगीप्राप्त रंगांत याच घराण्यातले दोन आहेत, ‘ब्रिलियंट ब्लू’ आणि ‘फास्ट ग्रीन’. एका भावाला बंदी आणि दुसऱ्याला मुभा का? उत्तर पुन्हा विद्युतभारात सापडते. खाद्यरंगांच्या रेणूवर सल्फोनिक आम्लाचे गट जोडलेले असतात. त्यामुळे रेणूवरचा एकूण भार ऋण होतो, तो पाण्यात सहज विरघळतो, पेशींच्या आवरणातून आत शिरत नाही आणि ब्रिलियंट ब्लूचा तर जवळजवळ सगळा भाग आतड्यातून न शोषला जाता बाहेर पडतो. त्यांनाही नियमाप्रमाणे सर्वसाधारणपणे एका किलोला १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहेच.

मासळीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. गोड्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर आणि अंड्यांवर कापसासारखी बुरशी येते. तिच्यावर मॅलेकाइट ग्रीन रामबाण ठरतो, हे १९३० च्या दशकात लक्षात आले आणि जगभरच्या मत्स्यशेतीत तो पसरला. दोष नंतर कळला. माशाच्या शरीरात गेल्यावर या हिरव्या रंगाचे रंगहीन रूप तयार होते. बिलबुकातल्या त्या अदृश्य शाईसारखेच. हे रूप चरबीत जाऊन बसते आणि दीर्घकाळ तिथेच राहते. मासा दिसायला स्वच्छ, पण अंश आत. शिजवल्याने तो नाहीसा होत नाही. मादी उंदरांना हे रंगहीन रूप खाऊ घातल्यावर यकृतात गाठी आढळल्या आणि कर्करोग संशोधन संस्थेने त्यालाही २ब गटात टाकले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने खाण्यातल्या मासळीसाठी त्याची कोणतीच सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही, असा निर्वाळा दिला. युरोपात किलोभर मासळीत अर्धा मायक्रोग्रॅम अंश सापडला तरी माल नाकारला जातो.

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात तळ्यात जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. घरगुती तळ्यांबरोबर आता व्यावसायिक मत्स्यशेतीही वाढते आहे. तळे राखणाऱ्यांच्या दृष्टीने मुद्दा थेट आहे. शोभेच्या माशांच्या दुकानात बुरशीवरचे म्हणून जे हिरवे-निळे औषध मिळते, त्यात बहुधा हाच रंग असतो. काचेच्या पेटीतल्या माशांसाठी ते ठीक, खाण्याच्या माशांच्या तळ्यात त्याचा थेंबही जाता कामा नये. तळ्यात रोग दिसला तर मत्स्यव्यवसाय विभागाचा सल्ला घ्यावा.

कामगारांनी मोजलेली किंमत

रंग खाणाऱ्यापेक्षा रंग बनवणारा त्याच्या अधिक जवळ असतो. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये एक निरीक्षण मांडले. एकाच कारखान्यात फुक्सिन बनवणाऱ्या तीन कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग झाला होता. इतक्या कमी कामगारांत इतका दुर्मीळ आजार हा योगायोग नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कारखान्यातल्या रसायनाचा आणि कर्करोगाचा संबंध दाखवणाऱ्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक महत्त्वाची नोंद. पुढे संशयाची सुई तयार रंगापेक्षा त्याच्या कच्च्या मालाकडे, म्हणजे ॲनिलिनच्या नात्यातल्या ‘ॲरोमॅटिक अमाइन’ रसायनांकडे वळली. फुक्सिन बनवण्यात लागणारे ऑर्थो-टोल्युइडिन आज निश्चित कर्करोगकारक मानले जाते आणि ‘मॅजेंटाचे उत्पादन’ ही प्रक्रियाच पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर गटात आहे.

ही रसायने त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातात, लघवीवाटे बाहेर पडताना मूत्राशयाच्या आतल्या आवरणाला इजा करतात आणि आजार दिसायला दहा, वीस, कधी त्याहूनही अधिक वर्षे लागतात. तोवर माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, संबंध जोडायला कोणी उरत नाही. म्हणून रासायनिक पट्ट्यातल्या कामगारांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रंग किंवा रंगांच्या कच्च्या मालाशी कधीही संबंध आला असेल आणि लघवीतून वेदना न होता रक्त गेले, एकदाच गेले आणि पुन्हा दिसले नाही, तरीही डॉक्टरांकडे जावे आणि पूर्वीच्या कामाचा उल्लेख आवर्जून करावा. मूत्राशयाचा कर्करोग लवकर कळला तर उपचार सोपे असतात. धूम्रपानाने हाच धोका आणखी वाढतो.

मूर्ती, नदी आणि भाताचे तूस

रोह्याच्या कारखान्यांत मुख्यतः ‘रंगद्रव्ये’ तयार होतात. विरघळणारा रंग आणि रंगद्रव्य यांत फरक आहे. रंगद्रव्य म्हणजे न विरघळणारी बारीक पूड. ती गोंद, रेझीन यांच्या साहाय्याने पृष्ठभागावर बसते. ती त्वचेतून सहसा शिरत नाही आणि पाण्यात तळाशी जाते. या घराण्यातल्या विरघळणाऱ्या रंगांनाही विशिष्ट आम्लांबरोबर बांधून न विरघळणारे करता येते आणि छपाईच्या शाईत ते तसे वापरले जातात. मूर्तींवरच्या लखलखत्या ‘रेडियम’ छटांमध्ये बहुधा ऱ्होडामिन हा या घराण्याचा चुलतभाऊ रेझीनमध्ये कोंडलेला असतो.

मूर्ती रंगवणाऱ्यांनी म्हणून डब्यावरचे नाव वाचावे. सुटी, बिननावाची, पाण्यात टाकताच झर्रकन विरघळणारी पूड असेल तर ती विरघळणारा रंग आहे असे धरून चालावे. मूर्तीवर ती लवकर विटते, विसर्जनात पाण्यात उतरते आणि हाताला चिकटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही मूर्तींसाठी विषारी रासायनिक रंग टाळून नैसर्गिक आणि पाण्यावर आधारित रंग वापरावेत, असे सांगितले आहे.

सीझनमध्ये कॉम्प्रेसरवर दिवसदिवस स्प्रे मारणाऱ्या कारागिरांचा प्रश्न वेगळा. हवेत उडणारा बारीक तुषार थेट फुफ्फुसात जातो. नाकाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, कणगाळणी असलेला मास्क लागतो. पूड कालवताना हातमोजे आणि चष्मा हवा, कारण मॅलेकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट यांसारखे रंग डोळ्यात गेले तर बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला गंभीर इजा होते. रंगपंचमीलाही हे लागू आहे. डोळ्यात रंग गेला तर चोळू नये, किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टर गाठावा. हाताचे डाग काढायला रॉकेल किंवा थिनर वापरण्याची सवय तर सोडलेलीच बरी. त्याने त्वचेवरचा तेलकट थर निघतो आणि रसायनाला आत जायला वाट मोकळी होते.

पाण्याचा विचार याहून मोठा. असे रंग अत्यल्प प्रमाणातही पाणी रंगवतात, प्रकाश अडवतात आणि शेवाळ, मासळी यांना विषारी ठरतात. धाटावला सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. पण जंतूंच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याच्या नेहमीच्या पद्धतीला हे रंग दाद देत नाहीत. जंतूंना मारणारा रंग जंतूंनीच कसा पचवायचा? म्हणून सक्रिय कोळसा, ओझोन अशा उपायांची जोड द्यावी लागते.

इथे चिकटण्याचा गुण कामी येऊ शकतो. भाताच्या तुसाच्या आणि त्याच्या राखेच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. मॅलेकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट मिसळलेल्या पाण्यात तूस टाकले की रंग त्याला चिकटतो आणि पाणी निवळते, हे देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी दाखवले आहे. पेण-रोह्याचा परिसर भाताचा आणि पोह्यांचा. तुसाला इथे तोटा नाही. अडचण पुढची आहे. रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून तुसावर जातो. ते रंगलेले तूस शेतात टाकले किंवा उघड्यावर जाळले तर प्रश्न फक्त जागा बदलतो. त्याची विल्हेवाटही घातक कचऱ्यासारखीच लावावी लागते.

घरच्या घरी

भाजीवरचा रंग ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सुचवलेली कसोटी सोपी आहे. कापसाचा बोळा पातळ पॅराफिनमध्ये, ते नसेल तर खाण्याच्या तेलात, बुडवून भेंडी किंवा मिरचीच्या सालीवर घासावा. बोळा हिरवा झाला तर वरून रंग लावलेला आहे. भाजीचे स्वतःचे हरितद्रव्य पेशींच्या आत असते, ते असे सहज निघत नाही. वाटाण्यासाठी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात ते अर्धा तास ठेवावेत. पाण्यात हिरवा रंग उतरला तर माल घेऊ नये आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. धुऊन खाऊ, हा विचार इथे चालत नाही. ज्या गुणामुळे हा रंग काचपट्टीवरचा क्षयाचा जंतू सोडत नाही, त्याच गुणामुळे तो भेंडीची सालही सोडत नाही.